एका तिकिटात चार समुद्र

काकाजींकडे मी भाड्यानं राहायला गेले त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी माझी गादी तपासली. टेम्पोतून सामान उतरत होतं. बादल्या, भांडी, पुस्तकांची खोकी यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गादी मात्र अंगणात उतरवून घेतली, शिवणीतून दोन बोटांनी चिमूटभर कापूस ओढला, खिशातून रुमालाएवढं काळं फडकं काढलं, त्यावर तो पसरला आणि मान तिरकी करून बराच वेळ पाहत राहिले.

"कोनं भरून देल्ली?"

"पुलगावच्या गादीवाल्यानं," मी म्हणाले.

"फसवलं तुमाले, मॅडम. हा कापूस नाई, कापसाचा पाहुणा आहे." मग घरात हाक गेली, "अवो, यायले आपल्याकडची एक गादी काढून द्या. ह्या गादीवर पाठ टिकणार नाई यायची."

अशा रीतीनं हिंगणघाटात मला एकाच दिवशी खोली आणि गादी मिळाली. घर माझं पुलगावला. इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला मी बदली होऊन आले होते आणि शनिवारी दुपारी घरी पळत होते. खोली वरच्या मजल्यावर, खाली ते आणि काकू. सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणू लागले.

काकाजी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होते. शेतकऱ्याची बैलबंडी आली की कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ काढायची, बोटांनी ओढून धागा किती लांब निघतो ते काळ्या फडक्यावर पाहायचं, ओल किती, कचरा किती ते बोलायचं आणि मालाची प्रत ठरवायची. पस्तीस वर्षं त्यांनी हे एकच काम केलं. निवृत्त झाल्यावर कापूस सुटला, हाताची खोड काही सुटली नाही. साखर, तूरडाळ, साबुदाणा, घरात जे येईल ते आधी फडक्यावर जायचं. एका दिवाळीला मी घरून शंकरपाळे नेले. त्यातला एक फडक्यावर ठेवून त्यांनी मोडला, आतले पदर पाहिले आणि "दुसरी प्रत" असा निकाल दिला. मग डबा मांडीवर घेऊन संपवला.

काकूंचं माहेर समुद्रपूरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्यांचं. लग्नाच्या आदल्या हंगामात त्यांचे वडील बंडी घेऊन जिनिंगवर आले, आणि ह्या नव्या ग्रेडर पोरानं एक मूठ काढून माल सरळ एक प्रत खाली उतरवला. पुढच्या वर्षी त्याच पोराचं स्थळ सांगून आलं. म्हाताऱ्यानं मुलगी दिली, पण ती मूठ तो मरेपर्यंत विसरला नाही. जावई जेवायला बसला की म्हणायचा, "वाढा, पन तांदूळ जरा निवडून वाढा, पाहुणे तपासतात."

लग्नानंतर सासऱ्याची बंडी आली की काकाजी बाजूला होत आणि दुसऱ्या ग्रेडरला बोलावत. जिनिंगमधला रिवाजच होता तो. आपल्या घरचा माल आपण पाहायचा नाही. पास करायचा नाही तसा नापासही करायचा नाही.

"आपल्या मालावर हात चुकते, मॅडम," ते मला म्हणाले होते. "एक तं लाड होते, नाई तं लाजेनं मानूस जास्तच कडक होते. दोन्हीबी खोटंच."

मला हे वाक्य तेव्हा फार आवडलं. मी ते शाळेच्या डायरीत लिहून ठेवलं आणि विसरून गेले. काकू विसरल्या नाहीत, हे नंतर कळलं.

मी राहायला गेल्याला वर्ष होत आलं असेल. काकाजी मिक्सर आणायला नागपूरला गेले आणि मिक्सर न घेताच परत आले. बर्डीवरच्या जुन्या सामानाच्या दुकानातून त्यांनी हातात मावेल एवढा, पुस्तकासारखा उघडणारा एक व्हिडिओ गेम आणला होता. आत वरखाली दोन पडदे, टोचायला एक काडी. ज्यावर पोरं दिवसभर गाड्या ठोकतात, त्यातला प्रकार. पण ह्याच्या पाठीत बसवलेली चिप जपानी शिकवणारी होती, प्रवासाला जाणाऱ्यांसाठी. पडद्यावर चित्रातली एक बाई येऊन वाकायची, एक वाक्य म्हणायची. तेच वाक्य आपण यंत्राजवळ तोंड नेऊन म्हणायचं, की ती शंभरापैकी गुण द्यायची.

मी म्हटलं, "काकाजी, हे आता फोनवर फुकट होतं."

"होते. पण फोन वाजते. शिकवता शिकवता मास्तर उठून दुसऱ्यासंग बोलाले गेला, तं त्याले मास्तर म्हनान का तुमी?"

आमच्या शाळेत तसे दोन जण होते.

मोठी अडचण वेगळीच होती. यंत्र जपानी शिकवायचं ते इंग्रजीतून, आणि काकाजींचं इंग्रजी रुईच्या गाठींवरच्या छाप्यांपुरतं. त्यामुळे शाळेतून आल्यावर चहा खाली, असा नेमच झाला. मी पडद्यावरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगायचे आणि ते लाल पुठ्ठ्याच्या वहीत उतरवायचे. पहिल्या रकान्यात देवनागरीत जपानी, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात गुण. इंग्रजीला वहीत जागा नव्हती. कापसातून सरकी काढावी तसा माझा विषय मधल्यामध्ये काढून टाकला जायचा, आणि मी त्यावर चहा प्यायचे.

यंत्र उघडायच्या आधी ते शर्ट घालत. मे महिन्यात, कूलर गरम वारा फेकत असताना, गळ्यापर्यंत गुंड्या लावून बसत. काकू हसल्या तर म्हणत, "समोर बाई मानूस आहे. वाकून नमस्कार करून राह्यली. मी काय बनियानवर बसू?" बाई वाकली की तेही जरा वाकत. वाकताना यंत्र हातातच असल्यामुळे तेही वाकायचं आणि बाईचं डोकं खाली, पाय वर व्हायचे.

दोन महिन्यांत घरभर चिठ्ठ्या चिकटल्या. माठावर 'मिझु', मिठाच्या बरणीवर 'शिओ', खिडकीवर 'मादो'. एकदा काकूंच्या भिशीतल्या बायका आल्या होत्या. त्यातल्या एकीनं माठाकडे पाहून विचारलं, हे मिझु म्हणजे कोणत्या कंपनीचं. काकूंनी शांतपणे सांगितलं, "पानीच आहे, बाई. घरात आता पाहुण्यावानी राह्यते." त्यांना स्वतःला ह्या भाषेचं काही कौतुक नव्हतं, पण राबता रोजचा. "दोन घोट मिझु दे वं पोरी," असं त्या मला सहज म्हणून जायच्या आणि मग स्वतःवरच चिडायच्या.

बाजारातही काकाजींचा सराव चालायचा. भाजीवालीसमोर उभं राहून ते गंभीरपणे "इकुरा देसु का" विचारत, म्हणजे कितीला दिलं. ती मान वर न करता सांगायची, "काकाजी, तुमी कोन्त्याबी भाषेत इचारा, वांग्याचा भाव तोच राह्यते." ते खूश होऊन घरी येत. म्हणत, "पाहा मॅडम, समजलं तिले."

पण यंत्राला समजत नव्हतं. पहिले तीन महिने ते चाळीस-पंचेचाळीसच्या वर जाईना. काकाजी रोज संध्याकाळी कष्टी होत. बाईचा आवाज पुन्हा ऐकत, डोळे मिटून म्हणत, आणि पुन्हा त्रेचाळीस. मीही म्हणून पाहिलं तर मला सत्तर मिळाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत कधी म्हटलं नाही.

मग एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. ते वाक्य म्हणायच्या आधी खर्रा डाव्या गालात सरकवत. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला हा ऐवज आमच्याकडे निम्म्या माणसांच्या गालात कायम मुक्कामाला असतो. काकाजींच्या गालात तो कापूस पाहतानाही असे, जेवण सोडून सदैव असे. आम्हाला त्या भरल्या गालाचंच बोलणं ऐकायची सवय, त्यामुळे काही वावगं वाटत नव्हतं.

"काकाजी, ती बाई जपानातली आहे. तिला खर्र्यामागचं कसं ऐकू येईल?"

ते उठले, मागच्या मोरीवर गेले, चूळ भरली, आले, शर्टाची वरची गुंडी लावली आणि तेच वाक्य म्हणाले. अठ्ठावन्न. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, खिशातली पुडी काढली आणि खिडकीतून बाहेर टाकली. पुढे चार-सहा वेळा ते घसरले, पण गुण लगेच पडत आणि वहीत दिसत. पावसाळा संपेपर्यंत खर्रा सुटला.

काकूंनी देवापुढे नारळ ठेवला. मला म्हणाल्या, "डाक्टरनं सांगतलं, पोरींनी सांगतलं, मी तं किती वर्षं डोकं फोडलं. नाई सुटला. अन् त्या डबीतल्या बाईनं काई बोलल्याबिगर सोडवला. म्हनून मी तिच्यावर राग नाई धरत."

राग धरण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं. काकूंनी समुद्र पाहिला नव्हता. लग्न झालं तेव्हा काकाजींनी विचारलं होतं की तुले काय पाहिजे, आणि त्या म्हणाल्या होत्या, समुद्र दाखवा. नुसता दुरून नव्हे, पाय बुडवून. मग जिनिंगचा हंगाम, दोन मुलींची शिक्षणं, लग्नं, सासू-सासऱ्यांची दुखणी, आणि समुद्र राहून गेला. निवृत्तीनंतर काकाजींनी जाहीर केलं की जपानला जायचं.

"मुंबईला गेलात तरी समुद्र आहे," मी एकदा म्हटलं.

"मुंबईले एकाच बाजूनं आहे," काकाजी म्हणाले. "जपानले चारी बाजूनं. एका तिकिटात चार समुद्र."

पासपोर्ट निघाले. काकूंचा पासपोर्ट कपाटात, पैठणीच्या घडीत, कडुलिंबाच्या पानांसह ठेवलेला होता. त्यावरचा फोटो त्या मला दर पंधरा दिवसांनी दाखवत. नागपूरहून सहल नेणाऱ्यांची माहितीपत्रकं आली. आणि तिथंच सगळं अडलं, कारण काकाजी म्हणाले, यंत्र नव्वद गुण देईल तेव्हा तिकीट काढायचं.

आता यंत्र साठ गुणांना पास करायचं. हिरवी बरोबरची खूण यायची, बाई टाळ्या वाजवायची, पुढचा धडा उघडायचा. काकाजींनी सगळे धडे कधीच पार केले होते. मी त्यांना ते सांगितलं, पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.

"ते मले ठाऊक आहे," ते म्हणाले. "यंत्राले पास कराले काय जाते? त्याले का कोनासमोर उभं राहा लागते?"

त्यामुळे बहात्तर आले की पुन्हा, अठ्ठ्याहत्तर आले की पुन्हा. अशी दोन वर्षं गेली. मार्चची सहल गेली, नोव्हेंबरची गेली, पुन्हा मार्चची गेली. दरम्यान काकूंचे गुडघे दुखू लागले. डॉक्टरांनी सांगितलं की अजून वर्षभर चालाल, मग ऑपरेशनचं पाहू. काकू जिना चढून माझ्या खोलीत यायच्या, त्या बंद झाल्या. खालूनच हाक मारत. एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते, तर पायाला तेल लावता लावता म्हणाल्या, "तुयी ती जपानी बाई कधी शंभर देन तवा देन. माये गुडघे तिच्यासाठी थांबनार नाई. वाळूत चालता नाई आलं, तं मी कायले जाऊ? खुर्चीवर बसून समुद्र तं टीव्हीतबी दिसते."

त्या रडल्या नाहीत. मला मात्र वाईट वाटलं आणि काकाजींचा सणसणीत रागही आला. त्याच संध्याकाळी मी खाली गेले ती भांडायच्या तयारीनं. शर्ट घालून ते बसले होते आणि एकच वाक्य घोटत होते. "ओसोकु नात्ते, सुमिमासेन." वहीत त्या वाक्यापुढे तिसऱ्या रकान्यात इतके आकडे झाले होते की ओळ संपून समासात शिरली होती.

"उशीर झाला, माफ करा," मी अर्थ म्हणून दाखवला. "काकाजी, प्रवाशाला हे वाक्य लागतं कशाला? स्टेशन कुठे, पाणी कुठे, एवढं येतं तुम्हाला. बस झालं. काकूंकडे बघा जरा."

त्यांनी यंत्र मिटलं. मग जे सांगितलं ते काकूंनाही तोवर अर्धंच माहीत होतं.

चाळीस वर्षांपूर्वी जिनिंगवर जपानी व्यापारी आले होते, रुई पाहायला. मालक, मॅनेजर, सगळे भोवती. त्यातला एक वयस्कर माणूस घोळक्यातून निघून काकाजींच्या ढिगापाशी आला. त्यानं हात घातला, मूठ काढली, बोटांनी धागा ओढला आणि आपल्या काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून मान तिरकी करून पाहिला. अगदी काकाजी पाहत तसा. मग त्यानं काकाजींची मूठ पाहायला मागितली, तीही बाहीवर ठेवली, दोन्ही शेजारी शेजारी. आणि तो ह्यांच्यासमोर कमरेत वाकला आणि काहीतरी बोलला.

"अन् मी उभाच," काकाजी म्हणाले. "तोंडात खर्रा. थुंकाले जागा नाई, गिळता येत नाई. नुसती मान हालवली मॅडम, बैलावानी. तो थांबला होता. मी काईतरी म्हनन म्हनून थांबला होता. मंग गेला." थोड्या वेळानं म्हणाले, "एवढ्या लोकात त्यानं मलेच ओळखलं. अन् मी साधं नमस्कार नाई म्हटलं. आता तथी जाऊन पुन्हा चूप उभं राह्याचं असन, तं नाई जात मी."

माझं भांडण तिथंच विरघळलं. पण काकूंचे गुडघे तर दुखतच होते. बाहेरच्या खोलीतून आत गेले तर काकू पोळीची कणीक मळत होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि त्या आठवड्यात मी पुलगावला गेले नव्हते. सकाळी काकाजी शर्ट घालून बसले, यंत्र उघडायला हात घातला, तर काकू स्वयंपाकघरातून आल्या. पदराला हात पुसले. काकाजींच्या खिशातून काळं फडकं काढून घेतलं. गुडघा धरत खुर्चीवर बसल्या, फडकं मांडीवर पसरलं आणि त्यावर लाल वही ठेवली.

"डबी ठेवा बाजूले," त्या म्हणाल्या. "आज मी पाहते."

"तू काय पाहातं?"

"माल."

वहीच्या पहिल्या पानाकडे त्यांनी पाहिलंच नाही. वरचा माल सगळेच चांगला ठेवतात, मूठ आतून काढावी, हे काकाजींचंच म्हणणं. त्यांनी मधेच बोट घालून वही उघडली आणि मराठी रकाना वाचला. "स्टेशन कुठी आहे?" काकाजींनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं, मग सांगितलं. काकू देवनागरीतल्या जपानीवर बोट फिरवत ताडून पाहत होत्या. दुसरी मूठ. तिसरी मूठ. एके ठिकाणी ते अडले, एके ठिकाणी शब्द उलटसुलट झाले. काकूंच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. इतका कोरा चेहरा मी शाळा तपासायला आलेल्या साहेबाचाही पाहिला नाही. शेवटी त्यांनी ते पान काढलं ज्याचा समास आकड्यांनी भरला होता.

"उशीर झाला, माफ करा."

"ओसोकु नात्ते," काकाजी म्हणाले, थांबले, "सुमिमासेन."

काकूंनी वही मिटली. फडकं झटकलं. "कचरा थोडा आहे. तो कोन्त्या मालात नसते? पास."

"अवो, पन नव्वद..."

"तुमचा माल तुमी काऊन पाहून राह्यले दोन वर्षांपासून? जिनिंगमधी चालत होतं का असं?"

मला डायरीतलं वाक्य आठवलं. काकाजींनाही स्वतःचंच वाक्य आठवलं असावं. पण पस्तीस वर्षांचा ग्रेडर, इतक्यात हार कशी मानेल? म्हणाले, "मंग मी बी तुया घरचाच माल झालो. तुले कसं चालते पास कराले?"

"मी लाड नाई करत," काकू म्हणाल्या. "माया बापाचा माल तुमी एका मुठीत उतरवला. मी चाळीस वर्षं पाहून राह्यली, तवा आज पास म्हनते. तिकीट काढा."

काकाजींनी फडकं उचललं, चार घड्या करून खिशात ठेवलं, चपला घातल्या आणि सहलवाल्याला फोन लावायला अंगणात गेले. घरात नीट ऐकू येत नाही म्हणाले. काकू तिथंच बसून होत्या. त्यांनी माझा हात धरला, तर त्यांच्या तळव्याला अजून कणीक होती.

त्या उन्हाळ्यात माझी बदली परत पुलगावला झाली आणि ते नोव्हेंबरमध्ये जाऊन आले. मला सुट्टीत जाणं जमलं ते त्यानंतर दीड महिन्यानं. काकाजी गळ्यापर्यंत गुंड्या लावून यंत्र घेऊन बसलेले होते. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "बोलता येते आता. पुढच्यानं काय म्हटलं ते समजत नाई." माठावरची मिझुची चिठ्ठी नवी झाली होती.

काकूंनी समुद्राचं सांगितलं. दुपार होती, ऊन मवाळ होतं. गटातल्या बाकीच्या बायका फोटो काढत राहिल्या आणि त्या पातळ वर धरून सरळ पाण्यात गेल्या. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. "गार होतं. पायाखालची वाळू सरकते वं, ते कोनी सांगतलं नोतं मले." त्यांनी पाणी चाखूनही पाहिलं. काकाजींनी काठावर बसून काळ्या फडक्यावर वाळू घेतली होती. निकाल काय, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "पह्यली प्रत म्हने. समुद्राले घाबरले असन."

गुडघे दुखले का, असं मी विचारलं. दुखले की, त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

मग मी ते विचारलं, जे विचारायला खरं तर मी आले होते. म्हटलं, बोलले का काकाजी?

पहिले तीन दिवस ते गप्पच होते म्हणे. हॉटेलात, बसमध्ये, कुणी वाकलं की वाकत, तोंड उघडत नसत. काकूंना वाटलं की गेलं सगळं पाण्यात. चौथ्या दिवशी सगळे एका लहानशा स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते. फलाटावर एक म्हातारा झाडू मारत होता. काळा कोट नव्हता, निळा गणवेश होता, टोपी होती. काकाजी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग शर्टाची वरची गुंडी लावली, त्याच्यासमोर गेले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "ओसोकु नात्ते, सुमिमासेन."

"अन् तो?" मी विचारलं.

"त्यानं पह्यले भिंतीवरचं घड्याळ पाह्यलं," काकू म्हणाल्या. "मंग यायच्याकडे पाह्यलं. मंग झाडू खाली ठेवला, दोन्ही हात असे बाजूले लावले, यायच्यापेक्षाबी खाली वाकला अन् काईतरी म्हटलं. एकच शब्द. अन् हे बाकावर येऊन बसले अन् रडले. गाडी आली तरी रडत होते."

"डोळ्यात काईतरी गेलतं," काकाजी यंत्रातून मान वर न करता म्हणाले.

"तथी फलाट ताटावानी घासला होता. काय जाईन?"

काकाजी उठले आणि आत पाणी प्यायला गेले. लाल वही बाजेवर पडली होती. मी ती उघडली आणि ते पान काढलं. त्या ओळीपुढचे आकडे तसेच होते. त्रेचाळीस, एक्केचाळीस, अठ्ठावन्न, बासष्ट, एकाहत्तर, ओळ संपून समासात, समासातून वर. अगदी शेवटचा आकडा चौऱ्याऐंशी होता. नव्वद कधी आलेच नव्हते. त्याच्यापुढे, जिथे पानाचा कोपरा जेमतेम उरला होता, तिथे बारीक अक्षरात त्यांनी आकड्याऐवजी एक शब्द लिहिला होता. दाइज्योबु. त्याचा अर्थ मीच कधीतरी त्यांना सांगितला होता. काही हरकत नाही.